मुलाचा ताबा आईकडे, सही कोणाची?

वर्धा : पती-पत्नी विभक्त झाली की मूल कोणाकडे राहणार, हा प्रश्न सर्वप्रथम पुढे येतो. त्याला जोडून असलेला दुसरा प्रश्न मात्र बहुधा शाळाप्रवेशाच्या वेळी, बँकेत किंवा तलाठी कार्यालयात गेल्यावरच ध्यानात येतो : त्या मुलाच्या वतीने सही कोणी करायची? कायद्याच्या भाषेत पहिला प्रश्न ताब्याचा, दुसरा पालकत्वाचा. हे दोन्ही अधिकार एकाच व्यक्तीकडे असतीलच, असे नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मधील कलम ६ नुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता आणि 'त्याच्यानंतर' माता. पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल सर्वसाधारणपणे मातेच्या ताब्यात असावे, असेही हेच कलम सांगते. हा कायदा बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू आहे. मात्र 'त्याच्यानंतर' या एका शब्दाने मातांची मोठी कुचंबणा केली. पिता हयात असेपर्यंत मातेला पालकत्व नाही, असाच त्याचा अर्थ लावला जात होता.

विदर्भातील शेतजमीन

या अर्थाला पहिला महत्त्वाचा छेद विदर्भाच्या कूळ कायद्याखालील एका वादातून मिळाला, हे फारसे सांगितले जात नाही. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या खटल्यात अज्ञान मुलीच्या जमिनीचा पट्टा तिच्या आईने करून दिला होता. आई-वडील वीसहून अधिक वर्षे विभक्त होते आणि मुलीचा सारा व्यवहार आईच पाहत होती. मुलीकडे लक्षच न देणारा पिता हयात असूनही नसल्यासारखाच, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये मातेला नैसर्गिक पालक ठरविले.

लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी मातेने केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने स्वीकारला नव्हता. 'त्याच्यानंतर' म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या अनुपस्थितीत. आणि पित्याची उदासीनता किंवा त्याचे वेगळे राहणे हीसुद्धा अनुपस्थितीच, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. कलमाचे शब्द मात्र बदलले नाहीत. त्यामुळे न्यायालयाचा आदेश हाती नसलेल्या मातेला आजही खिडकीवर वाद घालावा लागू शकतो.

शेतजमिनीबाबत अधिक दक्षता हवी. सातबाऱ्यावर अज्ञान खातेदारासोबत 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी नोंद असते. तिच्यामुळे विक्रीचा अधिकार मिळत नाही. कलम ८ नुसार माता असो वा पिता, न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय अज्ञानाची जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यानेही देता येत नाही.

दाद कोठे?

पालक व पाल्य अधिनियम, १८९० सर्व धर्मीयांना लागू आहे. मूल सामान्यतः जेथे राहते, तेथील जिल्हा न्यायालयात किंवा कौटुंबिक न्यायालय असल्यास तेथे अर्ज करावा लागतो. पुण्यात संसार असलेली स्त्री मुलासह हिंगणघाटला माहेरी परतली, तर अर्ज पुण्यात की वर्ध्यात, यावरच पहिली लढाई होऊ शकते. घटस्फोटाचा दावा सुरू असल्यास हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयाकडे ताबा मागता येतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात.

निर्णयाचा निकष एकच, मुलाचे हित. आईची कमाई कमी, एवढ्यावरून ताबा नाकारला जात नाही. समजत्या वयाच्या मुलाचे मतही न्यायालय विचारात घेऊ शकते. ज्याच्याकडे ताबा नाही, त्याला भेटीचे दिवस आणि दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्यांतील वाटा ठरवून दिला जातो. शाळा, शस्त्रक्रिया, पासपोर्ट यांबाबतचा निर्णय कोण घेणार, हेही आदेशात नमूद करून घेणे श्रेयस्कर. पुढचे बरेच तंटे तेथेच टळतात. विधी आयोगाने २०१५ मध्ये संयुक्त ताब्याची शिफारस केली होती.

भेट नाकारली म्हणून मुलाची पोटगी थांबविता येत नाही आणि पोटगी थकली म्हणून भेट परस्पर बंद करता येत नाही. परिस्थिती बदलल्यास ताब्याचा आदेश बदलून घेता येतो. या अर्जांसाठी महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.