खेळाचें वेतन आणि खेळाडूचा मान

श्रोतेहो, खेळावर पोट भरणें ही आपल्याकडे कांहीं नवी गोष्ट नाहीं. सिल्लोडकडील असो वा घाटाखालील असो, जत्रेच्या फडांत उतरणारा पैलवान इनामाची कुस्ती खेळतो, फेटा बांधून मिरवतो, आणि त्यानें पैसे घेतले म्हणून कोणी त्यास उणें लेखीत नाहीं. इनाम जितकें मोठें, तितका त्याचा लौकिक मोठा. इंग्रजांनीं आपल्याबरोबर जे मैदानी खेळ आणले, त्यांच्यासमवेत मात्र एक निराळाच दंडक आला. जो केवळ हौसेखातर खेळेल तो सद्गृहस्थ, आणि जो मोल घेऊन खेळेल तो चाकर! इंग्लंडांतील क्रिकेटमध्यें हा भेद १९६२ सालापर्यंत टिकून होता.

ऑस्ट्रेलियांतही हीच तऱ्हा. तेथील लोकांचा स्वतःचा असा एक फुटबॉल आहे. त्याचे नियम १८५९ सालीं मेलबर्न येथें लिहिले गेले. लांबट चेंडू, अठरा अठरा गडी, आणि चेंडू हातीं धरण्याची मुभा, असा हा दांडगा खेळ. त्यांतील नामांकित खेळाडूंना पैसे पोंचत, पण ते आडून. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगनें हे मोल उघडपणें मान्य केलें तें १९११ सालीं, आणि पुढें १९३० सालीं दर सामन्यास तीन पौंड अशी मर्यादाही घालून दिली.

त्याच १९११ सालीं आपल्याकडील एक गोलंदाज इंग्लंडची मैदानें गाजवीत होता. त्याचें आयुष्य मैदानावरील चाकरीनेंच आरंभलें होतें. त्याचें नांव पाळवणकर बाळू.

बाळूंचा जन्म धारवाडचा, चर्मकार घराण्यांतला. वडील लष्करी चाकरीमुळें पुण्यास राहिले, आणि साहेबलोकांनीं टाकून दिलेल्या बॅटी नि चेंडू घेऊन बाळू व धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढें पुण्याच्या एका पारशी क्लबांत खेळपट्टी झाडण्याचें नि रोलर फिरवण्याचें काम बाळूंना मिळालें; पगार दरमहा तीन रुपये. तेथून ते युरोपियनांच्या पूना क्लबांत गेले. तेथें चार रुपये झाले. काम तेंच, त्यांत सभासदांना सरावासाठीं तासन्‌तास चेंडू टाकण्याची भर पडली. ह्या चाकरींतून डावऱ्या हाताची ती संथ, फसवी गोलंदाजी सिद्ध झाली. फलंदाजी मात्र सभासदांची. चेंडू टाकणें हें श्रमाचें काम, तें चाकरानें करावें. बॅट हातीं घेणें हा मान, तो साहेबाचा!

गोऱ्यांच्या क्लबांतील ही वागणूक वेतनामुळें होती असें म्हणावें, तर आपल्या लोकांकडे पाहावें. हिंदु संघास बाळूंची गोलंदाजी हवी होती. त्यांचा शेजार नको होता. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातीं फिरे. पण चहाची वेळ झाली कीं बाकीचे आंत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यांत चहा. जेवणही निराळें.

पुढें ते मुंबईस आले. रेल्वेंत नोकरी मिळाली, आणि हिंदु जिमखान्याकडून ते खेळूं लागले. फेब्रुवारी १९०६ मध्यें हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धावांनीं हरविलें. त्या विजयांत बाळू आणि शिवराम हे दोघेही बंधु होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं जो संघ इंग्लंडला गेला त्याची एकंदर कामगिरी बेताचीच. परंतु बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, आणि प्रत्येकास सरासरी पंधरा धावा पडल्या.

एवढें करूनही संघाचें नायकत्व त्यांच्या वाट्यास आलें नाहीं. श्रोतेहो, ह्या कारकीर्दीचा खरा प्रश्न येथें आहे. गोलंदाज विकत मिळतो. पण कर्णधार जें सांगेल तें इतर दहांनीं ऐकावें लागतें, आणि तीच गोष्ट त्या काळच्या समाजास जड जात होती. १९२० सालीं बाळूंना वगळण्यांत आलें, आणि शिवराम व विठ्ठल हे अनुभवी बंधु संघांत असतां नायकत्व दुसऱ्याकडे गेलें. दोघां बंधूंनीं उघड निषेध करून संघ सोडला. ह्या पेंचानंतर अंतिम सामन्यास बाळू उपकर्णधार झाले, आणि कर्णधार मैदानाबाहेर गेला असतां कांहीं काळ संघ त्यांच्या आज्ञेंत खेळला. पुढें १९२३ सालीं विठ्ठल हे रीतसर कर्णधार झाले, आणि त्यांनीं युरोपियनांवर विजय मिळविला. थोरल्यास जें मिळालें नाहीं तें धाकट्यानें घेतलें.

बाळू पुढें राजकारणांत उतरले. १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसनें त्यांना मुंबईंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. त्यांना ११,२२५ मतें पडलीं, आणि १३,२४५ मतें मिळवून बाबासाहेब निवडून आले. ४ जुलै १९५५ रोजीं बाळूंचें देहावसान झालें.

आज क्रिकेटपटूंचा भर सभेंत लिलाव होतो, आणि ज्याची बोली मोठी त्याचा मानही मोठा होतो. जत्रेच्या फडांतील जुना न्याय जणूं परत आला आहे. वेतनाचा कलंक असा धुवून निघाला. परंतु बाळूंच्या चरित्रावरून एवढें ध्यानांत येतें कीं, तीन रुपयांच्या त्या चाकरीनें त्यांची वाट अडविली नाहीं, उलट तीच वाट ठरली. वाट अडविली ती चहाच्या निराळ्या भांड्यानें. आणि तें भांडें साहेबानें नव्हे, आपण ठेविलें होतें.