लग्नाआधी रक्ततपासणी : सिकलसेलचा इतिहास काय सांगतो?

१/७ हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी व औंढा नागनाथ तालुक्यांत आंध आदिवासींची मोठी वस्ती आहे. सिकलसेलची तपासणी आदिवासी भागांत पोहोचली, तशी तरुणांपुढे एक नाजूक निवड उभी राहिली : आपल्या रक्तात काय आहे, हे लग्नाआधी जाणून घ्यावे का?

२/७ १९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असतो.

३/७ भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी नागपूर परिसरातील नोंदी प्रसिद्ध केल्या आणि महाराष्ट्रातील अभ्यासाला आरंभ झाला.

४/७ दोषयुक्त जनुक एकाच पालकाकडून आले, तर व्यक्ती ‘वाहक’ ठरते. ती सहसा निरोगी असते. दोघांकडून आले, तर रक्तक्षय आणि असह्य वेदनांचा आजार जन्मभर सोबत राहतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता २५ टक्के असते.

५/७ मग तपासणी करून मोकळे व्हावे, इतके हे सोपे आहे का? ग्रीसमधील ऑर्कोमेनोस गावात वाहकांना विवाह जपून जुळवण्याचा सल्ला दिला गेला. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विपरीत होता : वाहकांवर कलंक लागला, अनेकांनी निकाल लपवला आणि वाहकांचे आपसांतील विवाह कमी झाले नाहीत.

६/७ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. उद्दिष्ट : ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी. निकालाचे कार्ड हाती येते. पण ते कोणाला दाखवायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

७/७ जोडीदाराला सिकलसेल वा बीटा थॅलेसेमियासारखा हिमोग्लोबिनचा दोष नसेल, तर वाहकाच्या अपत्याला हा आजार होत नाही. म्हणजे ‘वाहक’ हा शिक्का कोणाचेही लग्न मोडण्याचे कारण नव्हे. एवढे दोन्ही घरांना आधी समजले, तरच ती तपासणी उपकारक ठरते. अन्यथा कळमनुरीचे ऑर्कोमेनोस व्हायला वेळ लागणार नाही.