मृत भाडेकरूचे घर आणि ‘कुटुंब’ शब्दाचा अर्थ

इंग्लंडमध्ये भाडेकरूच्या मृत्यूनंतर घर कोणाकडे राहावे, हा प्रश्न पुष्कळदा एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहिला आहे. १९२० च्या भाडेनियंत्रण कायद्याने हा हक्क विधवेस, व ती नसल्यास सोबत राहणाऱ्या ‘कुटुंबीया’स दिला, मात्र त्या शब्दाची व्याख्या केली नाही. ती न्यायालयांस करावी लागली. विवाहाविना एकत्र राहिलेला सोबती कुटुंबीय नव्हे, असे १९५० साली ठरले. १९७५ साली मात्र एकवीस वर्षांच्या अशाच सहवासास कुटुंब मानले गेले. लोकव्यवहारात शब्दाचा अर्थ पालटला, हे त्याचे कारण होय.

हे खटले खासगी घरांचे. नगरसंस्थांच्या भाडेकरूंना हा हक्क १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने लाभला. त्यात नात्यांची यादीच होती: जोडीदार, आईबाप, मुले, भावंडे इत्यादी. जोडीदाराखेरीज इतरांस बारा महिन्यांच्या सहवासाची अट होती, आणि वारसा एकदाच मिळे. पुढे २०११ च्या कायद्यान्वये, १ एप्रिल २०१२ पासूनच्या नव्या करारांत हा वैधानिक हक्क केवळ जोडीदारापुरता उरला. करारात निराळी तरतूद नसेल, तर आईची शुश्रूषा करीत राहिलेल्या मुलीस घर सोडावे लागू शकते.

जुन्या मराठीत ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी. इंग्रजी कायदाही दीर्घ वळसा घालून त्याच अर्थाजवळ आला आहे.