दोन पिस्तुले आणि एक परवाना

स्कॉच व्हिस्कीचा सर्वांत जुना उपलब्ध लेखी उल्लेख १४९४ सालचा. जॉन कॉर नामक धर्मबंधूस ‘जीवनजल’ गाळण्यासाठी मोड आणून वाळविलेले जव दिल्याची ती राजदरबारी नोंद होय. पुढे जबर करांमुळे स्कॉटलंडच्या दऱ्याखोऱ्यांतून चोरट्या भट्ट्या पेटल्या. १८२३ च्या कायद्याने कर उतरला, आणि १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना काढला. चिडलेल्या शेजाऱ्यांनी भट्टी जाळण्याची धमकी दिली. स्मिथ दोन पिस्तुले बाळगून वावरू लागला. पण परवाना त्याने सोडला नाही. कालांतराने चोरट्या भट्ट्याच विझल्या. नवख्याने प्याल्यात थोडे पाणी घालून सावकाश घोट घ्यावा, असे जाणकार सांगतात. त्या निवांत घोटासाठी एका शेतकऱ्यास जीव मुठीत धरून राहावे लागले होते.