कापडाची उलट बाजू

नवे कापड हाती आले म्हणजे गिरणीत वाढलेला माणूस ते प्रथम उलटून पाहतो. उजळ बाजू गिऱ्हाइकासाठी असते. रंग कितपत मुरला, छाप कुठे सरकला, सूत कसले, हे उलट बाजूस कळते. आमचे वडील छपाई-खात्यात होते; ही खोड आम्हांस त्यांच्याकडून लागली. शाळा आमची लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि नगर-वाचनालयाच्या बाकावर. म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांनी इतिहासावर बोला असे सुचविले, तेव्हा राजेरजवाडे विद्वानांकडे राहू द्या, आम्ही कापडावर बोलतो, असे आम्ही कळविले.

हे कापड दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकांचे आहे. झाडीत माणूस दिसू नये म्हणून ठिपक्याठिपक्यांनी छापलेले, ज्याला कॅमोफ्लाज म्हणतात ते. युरोप-अमेरिकेत ते जमविणारे शौकीन पुष्कळ आहेत. त्याला किंमत मोठी येते, आणि किंमत आली की नक्कलही येते. त्यामुळे अस्सल कोणते नि बनावट कोणते हे ठरविण्याचे एक शास्त्रच तयार झाले आहे. हिटलरच्या शिपायाचा सदरा लोक हौसेने कपाटात ठेवतात याचा आम्हांस प्रथम तिटकारा आला. तो अजून गेलेला नाही. परंतु त्यांची पुस्तके वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की ही माणसे आमच्या वडिलांसारखीच कापड उलटून पाहतात.

थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. सैन्यासाठी असे कापड मोठ्या प्रमाणावर छापण्यात इटली पुढे होती. तिचा नमुना १९२९चा. जर्मन सैन्याने १९३१ साली आपला नमुना काढला. फुटलेल्या काचेच्या तुकड्यांसारखे हिरवे-तपकिरी कोनेदार डाग आणि त्यांवर पावसाच्या सरींसारख्या बारीक रेघा. हा छाप प्रथम तिकोनी तंबूच्या कापडावर आला. ते अंगावर घेतले की पावसात घोंगडीचे काम देई आणि चौघांनी आपापले तुकडे जोडले की तंबू होई. आमच्या शेतकऱ्याच्या घोंगडीची खोळ ज्याने पाहिली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

नाझी पक्षाची स्वतःची सशस्त्र फौज म्हणजे एस.एस. तिने मात्र वेगळा मार्ग धरला. म्युनिकचे कलेचे प्राध्यापक ओटो शिक यांनी पानांमधून झिरपणाऱ्या उन्हाचा विचार करून नमुने आखले. १९३७-३८च्या सुमारास त्यांच्या चाचण्या झाल्या आणि डोक्यावरून घालायचा, कमरेला इलॅस्टिकचा, सैल सदरा निघाला. त्याची एक बाजू वसंत-ग्रीष्माची हिरवी आणि दुसरी शरदाची तपकिरी. म्हणजे या कपड्याला उलट बाजू नव्हतीच. ऋतू पालटला की शिपाई सदरा पालटी. एकाच घट्ट सुती कापडावर दोन्हीकडून वेगवेगळा छाप घ्यायचा आणि एकीकडचा रंग दुसरीकडे फुटू द्यायचा नाही, हे काम किती अवघड आहे ते छपाई-खात्यातल्या माणसाला विचारा. आरंभी ही छपाई जाळीच्या चौकटी ठेवून हातांनी होई. मागणी वाढली तसे रूळ आले. पुढे चांगल्या कापसाची टंचाई पडली. १९४४मध्ये वाटाण्याएवढ्या ठिपक्यांचा नवा नमुना आला, तो साध्या ड्रिल कापडावर, एकाच बाजूने छापलेला. कारागिरीचा उतार असा कापडावरच लिहिलेला आहे.

आता पारख कशी करतात ते पाहू. पहिला नियम असा की कापड, छाप आणि बेत, तिघांची साक्ष एक पडली पाहिजे. १९४४चा वाटाणा-छाप युद्धाच्या आरंभीच्या बेताच्या सदऱ्यावर दिसला, तर साक्षीदार खोटे बोलतो आहे असे समजावे. दुसरी परीक्षा धाग्याची. पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडात १९४१ साली लागला. जर्मन शिवणकामात तो युद्धकाळी येणे शक्य नव्हते. धाग्याचे टोक जाळून पाहावे. सूत जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. तिसरी परीक्षा अतिनील दिव्याची. कापड शुभ्र दिसावे म्हणून जी रसायने वापरतात त्यांचा प्रसार मुख्यतः युद्धानंतर झाला, आणि ती या दिव्याखाली निळसर चमकतात. इथे उतावीळ माणूस फसतो. अस्सल सदरा कुणा गृहिणीने पुढे आजच्या साबणाच्या पुडीने धुतला असेल, तर तोही चमकेल.

सर्वांत कठीण प्रकरण असे की कापड अस्सल आणि कपडा बनावट. जुने तंबूचे तुकडे कापून त्यांचे सदरे आणि शिरस्त्राणांची आवरणे शिवतात. पण आघाडीवरच्या शिप्यांनीही तंबू कापून कपडे शिवले होतेच! शिवाय पश्चिम जर्मनीच्या सीमारक्षक दलाने युद्धकाळचा एक नमुना युद्धानंतरही वापरला. तो माल थोडा रापवला की युद्धातला म्हणून खपतो. शिक्क्यावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण शिक्का उमटविणे हे सर्वांत सोपे काम. युद्धाच्या उत्तरार्धात तर कपड्यावर कारखान्याच्या नावाऐवजी नुसता सरकारी क्रमांक मारीत.

हा क्रमांक वाचताना आम्ही थांबलो. पारखी लोक विचारतात, हा कपडा खरा की खोटा? युनियनच्या माणसाला पहिला प्रश्न सुचतो तो असा, की हा शिवला कुणी?

उत्तर सापडते. बर्लिनच्या उत्तरेस राव्हेन्सब्र्युक येथे मे १९३९मध्ये स्त्रियांची छळछावणी उघडली. १९४०मध्ये एस.एस.ने टेक्सलेड नावाची स्वतःची कापड-कंपनी काढली. तिची शिवणशाळा या छावणीत होती; डाखाऊच्या छावणीतही तिचे काम चाले. सगळेच कपडे छावणीत झाले असे नव्हे; खाजगी कारखान्यांनीही पुष्कळ माल पुरविला. पण एस.एस.चे गणवेश राव्हेन्सब्र्युकच्या यंत्रांवर रात्रपाळी-दिवसपाळी करून शिवले गेले. पोलिश, रशियन, जर्मन, ज्यू, रोमा, सर्व जातींच्या बायका तिथे होत्या. पाळी अकरा-अकरा तासांची, त्याहूनही लांब. नग ठरवून दिलेले. नग कमी पडले की मार. मजुरी शून्य, नफा कंपनीचा. ज्या खात्याखाली ही कंपनी होती त्याचा प्रमुख ओस्वाल्ड पोल याच्यावर १९४७मध्ये न्युरेंबर्गला खटला झाला आणि १९५१मध्ये त्याला फाशी दिले. छावणी ३० एप्रिल १९४५ रोजी सोव्हिएत सैन्याने मुक्त केली. १९५९पासून तिथे स्मारक आहे.

एका कामगार-परिषदेच्या निमित्ताने परदेशी गेलो असता आम्ही असा सदरा एका संग्रहालयात काचेआड पाहिला. पाटीवर छापाचे नाव होते, साल होते, तो कोणत्या पलटणीचा तेही होते. पाटी आम्ही दोनदा वाचली. शिवणाऱ्यांबद्दल एक अक्षर नव्हते. वास्तविक साल आणि अस्सलपणा ज्यावरून ठरविला तो टाका त्यांचाच असू शकतो.

म्हणून आता संग्राहकांचा आम्हांस पूर्वीइतका राग येत नाही, आणि बनावट माल करणाऱ्यांचा मात्र जास्त येतो. असा कपडा हा गुन्ह्यातला मुद्देमाल आहे, आणि मुद्देमालात भेसळ करणारा माणूस साक्षीदाराचे तोंड बंद करतो. त्याच न्यायाने, ज्या संग्राहकाला छापाच्या प्रत्येक ठिपक्याची माहिती आहे आणि छावणीचे नाव ठाऊक नाही, त्याने कापडाची एकच बाजू पाहिली असे आम्ही म्हणू.

आणखी एक गोष्ट. राव्हेन्सब्र्युकमधून वाचलेल्या बायकांनी पुढे आठवणी सांगितल्या, त्यांत शिवणशाळेतल्या चोरट्या लढाईचा उल्लेख येतो. पहारेकरणीची पाठ वळली की धागा सैल सोडायचा, शिवण अशी घालायची की आघाडीवर ती उसवावी. पकडले गेले तर शिक्षा भयंकर होती. आम्ही संप पाहिले आहेत, संथ कामाची लढाईही केली आहे, पण ती नोकरी पणाला लावून. जीव पणाला लावून नव्हे. पारखी लोकांच्या पुस्तकांत खराब शिवण ही बनावटपणाची खूण म्हणून दिलेली असते. बहुतेक वेळा ते बरोबरच असेल. पण काखेत एखादी शिवण सैल सापडली, तर धागा जाळून पाहावा, दिवा लावून पाहावा, आणि दोन्ही परीक्षांत ती उतरली, तर तो सदरा खोट्यांच्या ढिगावर टाकू नये.