घोडा का अडला?

"घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं?" हे कोडं मी शाळेत जायच्या आधीच आजाने मला घातलं होतं. उत्तर मराठी मुलखात पोरासोरांनाही ठाऊक असतं: फिरवलं नाही म्हणून. मी ते ठसक्यात सांगितलं. आजा म्हणाला, "भाकरीचं बरोबर, पानाचंही बरोबर. घोड्याचं मात्र घोड्याला विचारून सांग."

आजाचा टांगा होता. आसनगाव स्टेशन ते शहापूर गाव एवढीच त्याची वारी. गाडी आली की चार सवाऱ्या घ्यायच्या, गावात सोडायच्या आणि पुढच्या गाडीला परत स्टेशन गाठायचं. टांग्याला चंद्री नावाची घोडी होती. कपाळावर पांढरा चांद, अंगाने किरकोळ, पण दुडकी चाल अशी की सवारीच्या हातातला दुधाचा तांब्या सांडत नसे.

एकदा भारंगीच्या पुलाशी चंद्री थबकली. भर पावसाचे दिवस होते, सवाऱ्यांना घाई होती. "हाण की चाबूक," मागून आवाज आला. आजा खाली उतरला. तिच्या तोंडासमोर न जाता खांद्याशी उभा राहिला आणि मानेवर हात ठेवला. तिचे दोन्ही कान पुढे ताठ होते, नाकपुड्या फुलल्या होत्या. आजाने तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. कठड्यावर कोणीतरी ओलं घोंगडं टाकलं होतं आणि त्याचं टोक वाऱ्याने हलत होतं. आजाने ते काढलं नाही. चंद्रीला एकेक पाऊल पुढे जाऊ दिलं, लांबून बघू दिलं, जवळून हुंगू दिलं. तिने मान खाली घातली, ओठ चाटले, एक लांब फुरफुर केली आणि चालू लागली. टांग्यावर चढता चढता आजा मला म्हणाला, "अडली नव्हती रे, बुजली होती. अडणं वेगळं, बुजणं वेगळं."

पुढे चाळीसएक वर्षं घोड्यांच्या संगतीत काढल्यावर मला वाटतं, आमच्या या मुलखात घोड्याविषयी जे काही शहाणपण होतं, ते या एका वाक्यात आहे. आपल्या भाषेने 'अडेलतट्टू' ही शिवी घडवली आणि सगळा दोष जनावराच्या माथी मारला. पण त्याच भाषेने 'बुजणे' हा शब्दही जपला. त्यात दोष नाही, समज आहे.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघालं की वैशाखऱ्यापुढे नाणेघाटाची वाट फुटते. सोपारा-कल्याणची बंदरं आणि वरचं जुन्नर यांना जोडणारी ही सातवाहनांची वाट. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे, दोन अश्वमेधांचा उल्लेख आहे, गाई आणि हत्तींबरोबर घोड्यांचं दानही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात घोडा म्हणजे काय मोलाची वस्तू होती, ते त्या भिंतीवरून कळतं. मी लगाम धरून एक तट्टू त्या दगडी वाटेने वर नेलं आहे. तिथे माणसाने ओढाताण केली की जनावर घसरतं. लगाम सैल सोडला की ते मान खाली घालून दगड निरखतं आणि पाय स्वतःच नेमका ठेवतं.

कोकणातल्या बंदरांवर घोडा समुद्रातून यायचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याविषयी लिहून ठेवलेली हकिगत विलक्षण आहे. ठाण्याच्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता: लुटीतला बाकीचा माल तुमचा, घोडे तेवढे माझे. ज्या राजाला घोड्यांसाठी चाच्यांशी सोयरीक करावी लागते, त्याच्या मुलखात घोडा किती दुर्मिळ असेल! त्याच प्रवाशाने तमिळ किनाऱ्याबद्दल लिहिलंय की तिकडे घोड्यांना भाताबरोबर शिजवलेलं मांस चारतात, त्यांची निगा जाणणारं कोणी नाही, आणि म्हणून समुद्रापलीकडून आणलेले घोडे पटापट मरतात. इथे घोडं पेंड खातं! पैसा होता, जहाजं होती, घोडा म्हणजे काय एवढंच ठाऊक नव्हतं. गवत खाणारं, दिवसभर थोडं थोडं चरणारं, चालत राहण्यासाठी जन्मलेलं जनावर त्यांनी आपल्या ताटातलं अन्न घालून मारलं.

मराठ्यांना हे ठाऊक होतं. शहापूरच्या उशाशी माहुली उभी आहे. १६३६ साली शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांसमोर शेवटचा आसरा घेतला तो याच गडावर. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो पुन्हा स्वराज्यात आणला. गडावर घोड्याचं काम थोडं, पण गडाखालचं राज्य घोड्यावर चाललं. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे लढणाऱ्यांच्या शेजारी पाणी देणारा आणि खूर बघणारा यांची नेमणूक पक्की. चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पावसाळ्याच्या तोंडावर लिहिलेलं पत्र मी अनेकदा वाचलं आहे. दाणावैरण आत्ताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय आहे. मुक्या जनावराच्या उपासमारीचा जाब माणसाला विचारणारा असा राजा विरळा.

पुढे फौजा गेल्या. आमच्या डोंगरउतारावरचं गवत मात्र घोड्यांसाठी कापलं जातच राहिलं, आता मुंबईच्या तबेल्यांसाठी. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ पर्यंत चालली. कसाऱ्यापर्यंत रेल्वे १८६१ मध्येच आली होती. स्टेशनावर उतरलेल्या माणसाला गावात पोहोचवायला टांगा उभा राहिला, आणि माझ्या आजाच्या घराण्याला धंदा मिळाला.

आजाने कधी पुस्तक वाचलं नाही. पण तो जे करायचा, त्याची कारणं मला पुढे पुस्तकांत सापडली. पहिली गोष्ट नजरेची. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या थेट समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून आजा खांद्याशी उभा राहायचा. घोडा हे शिकार होणारं जनावर. लाखो वर्षं त्याचा जीव एकाच गोष्टीने वाचवला: आधी पळायचं, मग विचार करायचा. हलणारं घोंगडं त्याच्या लेखी लपलेला वाघ असतं. त्याला चाबूक मारला, तर घोंगड्यापाशी खरोखरच दुखतं एवढंच तो शिकतो, आणि घोड्याची स्मरणशक्ती पक्की असते. ग्रीक सेनानी झेनोफोनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हेच लिहून ठेवलंय: घोड्याजवळ रागाने कधी जाऊ नका.

दुसरी गोष्ट सोडण्याची. लगाम ताणल्याने घोडा शिकत नाही. तो वळला की त्याच क्षणी लगाम सैल होतो, त्याने शिकतो. ती ढील हेच त्याचं बक्षीस. ती देण्यात दोन क्षण उशीर झाला, तर आपण काय बरोबर केलं हे त्याला कळतच नाही.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या अंगाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा सांगायचा. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ मध्ये दाखवून दिलं की त्याला गणित येत नव्हतं. योग्य आकडा आला की समोरच्या माणसाची मान नकळत किंचित हलायची, ती तो वाचत होता. माणसाला स्वतःलाही न कळणारी हालचाल घोड्याला कळते. मग घाबरलेल्या किंवा चिडलेल्या माणसाच्या हाताखाली घोडा शांत कसा राहील?

हे मी शिकलो ते एका चुकीतून. टांगे बंद पडल्यावर वडिलांनी नवरदेवाची घोडी ठेवली, पुढे ती माझ्याकडे आली. मुरबाडजवळच्या एका वरातीत डीजेच्या भिंतीसमोर घोडी थांबली. लोक ओरडत होते, मला लाज वाटली आणि मी चाबूक ओढला. ती मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेव खाली पडला, नशिबाने फार लागलं नाही. रात्री खोगीर उतरवलं तेव्हा तंगाखाली कातडी सोलून रक्त आलेलं दिसलं. ती आवाजाला बुजली होती आणि तंगाने दुखावलीही होती. तिने थांबून मला सांगितलं होतं, मी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून चाबूक माझ्या हातात नाही.

आज टांग्याचे रस्ते रिक्षांनी भरलेत आणि शहापूर-मुरबाडात घोडा दिसतो तो लग्नसराईतच. म्हणून वरात काढणाऱ्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे. घोडी ठरवाल तेव्हा तिचा तंग आणि तोंडातली कडी स्वतः बघा. लाऊडस्पीकर तिच्यापासून लांब ठेवा. वरात निघण्याआधी दिवे आणि मंडप तिला शांतपणे बघू द्या, हुंगू द्या. नवं घोडं शिकवणाऱ्या पोरांनो, पहिले पंधरा दिवस पाठीवर बसू नका, नुसते शेजारून चाला. आणि भर वरातीत घोडी थांबली, तर मोतद्दाराला "हाण" म्हणू नका. त्याला तिच्या खांद्याशी उभं राहायला वेळ द्या.