दोन नळकांड्यांमधील पाणी

द्रवाच्या खळबळीचें गणित मांडण्यांत मोठमोठ्या पंडितांनीं आयुष्यें वेंचलीं. परंतु त्यांच्या मतांचा निवाडा वारंवार एका साध्या उपकरणानें केला आहे. एकांत एक उभीं केलेलीं दोन नळकांडीं, मधल्या फटींत पाणी, आणि नळकांडीं फिरविण्याची सोय, एवढेंच तें उपकरण. फ्रान्समध्यें मॉरिस कूएत यांनीं १८९० सालीं द्रवाचा चिकटपणा मोजण्यासाठीं तें वापरलें. ते बाहेरचें नळकांडें फिरवीत. इंग्लंडांत मॅलॉक यांनीं आंतलें फिरवून पाहिलें, तों प्रवाह बिघडलेलाच आढळला. आंतील पाणी जोरानें भ्रमूं लागलें म्हणजे बाहेर जाऊं पाहतें, हें त्याचें कारण १९१६ सालीं लॉर्ड रॅले यांनीं दाखविलें. मात्र चिकटपणा त्यांनीं हिशेबांत धरिला नव्हता.

तो धरिला जी. आय. टेलर यांनीं. १९२३ सालच्या आपल्या निबंधांत त्यांनीं किती वेगास प्रवाह मोडेल याचें गणित केलें, आणि स्वतःच उपकरण बांधून काचेआड रंगीत द्रव सोडून पाहिलें. वेगाची मर्यादा ओलांडतांच पाण्यांत बांगड्यांच्या चळतीसारखीं भोवऱ्यांचीं वलयें एकावर एक उभीं राहिलीं. शेजारच्या दोन वलयांचें फिरणें एकमेकांच्या उलट. अंक जुळले! चिकट द्रवाच्या स्थैर्याविषयीं गणित व प्रयोग यांचा असा मेळ त्यापूर्वीं बसला नव्हता. नाव्हिए व स्टोक्स यांच्या समीकरणांवरील विश्वास त्यामुळें दृढ झाला, हें या वलयांच्या सौंदर्याहूनही मोठें.

पण वलयें म्हणजे खळबळ नव्हे. तेथपर्यंतची वाट कोणती? १९४४ सालीं रशियन पंडित लँडाऊ यांनीं सुचविलें कीं वेग वाढेल तसतशीं नवनवीं आंदोलनें एकामागून एक मिसळत जातात, आणि अगणित झालीं म्हणजे तीच खळबळ. कल्पना मोठी डौलदार होती, आणि डौलदार कल्पनांस विरोधक लवकर मिळत नाहींत.

१९६५ सालीं अमेरिकेंत डोनाल्ड कोल्स यांस एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एकाच वेगावर पाणी वीसाहून अधिक निरनिराळ्या अवस्थांत राहूं शकत होतें; कोणती अवस्था येईल हें वेग कोणत्या रीतीनें वाढवीत आणला यावर ठरे. पाण्यासही पूर्वेतिहास असतो, हें वाचून इतिहासाच्या अभ्यासकास थोडी गंमत वाटेल.

पुढें रुएल व टाकेन्स यांनीं १९७१ सालीं म्हटलें कीं अगणित आंदोलनांची गरजच नाहीं. मोजक्याच पायऱ्यांनंतर प्रवाह अनियमित होऊं शकतो. त्याचा कस पुन्हां त्याच नळकांड्यांत लागला. गोलब व स्विनी यांनीं लेसरच्या किरणांनीं पाण्याचा वेग मोजिला. थोडीं आंदोलनें ओळखूं आलीं, आणि मग नवीं येत राहण्याऐवजीं सर्व गोंधळ एकदम माजला. लँडाऊ यांची शिडी तेथें मोडली. हें साल १९७५. टेलर त्याच वर्षीं निवर्तले.

अभियंत्यांचें काम यानें संपलें नाहीं. जोन्स व लाँडर यांनीं १९७२ सालीं मांडलेल्या व पुढें सर्वत्र रूढ झालेल्या खळबळीच्या समीकरणांस भ्रमणाची जाणीवच नसते. तीसाठीं त्यांत निराळी दुरुस्ती करावी लागते. उलट नळकांडीं फार वेगानें फिरवून पाणी पुरतें खवळलें तरी, बराच वेळ मोजून सरासरी काढली असतां टेलर यांचीं वलयें त्या गोंधळांत तशींच उभीं असलेलीं दिसतात.